शिकारीचा परवाना मिळतो का? महाराष्ट्रातला कायदा आणि पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी परवानगी काढण्याची सगळी रीत

भुईमुगाला शेंगा धरल्या, मका दाण्यावर आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "शिकारीचा परवाना कुठं काढायचा?" विचारणाऱ्याला शिकारीची हौस नसते. चार रात्री माळ्यावर बसून डबे वाजवलेला, तरी सकाळी अर्धं वावर उकरलेलं बघितलेला हा माणूस असतो. त्याच्या रागाला कारण आहे. पण त्याच रागात एका रात्री केलेल्या चुकीमुळे घरातला कर्ता माणूस कोर्टाच्या तारखा करत बसलेलाही मी पाहिला आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

प्रश्नाचं थेट उत्तर: महाराष्ट्रात शिकारीचा परवाना मिळत नाही. हौसेसाठी नाही, मांसासाठी नाही, शिमग्याच्या पारधीसाठीही नाही. ससा असो, घोरपड असो की तित्तर, कोणत्याच कार्यालयात त्यासाठी फी भरून पास मिळत नाही. मिळू शकते ती एक वेगळी गोष्ट: ठरावीक प्राण्याने उभ्या पिकाचं नुकसान चालवलं असेल, तर त्याला ठरावीक क्षेत्रात मारण्याची लेखी परवानगी. ही परवानगी कशी काढायची आणि ती हातात आल्यावर काय करायचं, काय टाळायचं, ते पुढे आहे.

आजोबांकडे पास होता, तो कुठे गेला

जुनी माणसं सांगतात की त्यांच्या वेळी शिकारीचे पास मिळायचे. ते खरंच आहे. जुन्या मुंबई राज्यात १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा होता आणि परवाना काढून शिकार करता येत असे. पुढे १९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. त्यातही सुरुवातीला मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, सापळ्याने प्राणी पकडण्याचा असे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ही सगळी परवाना पद्धत काढून टाकली. त्यामुळे घरातल्या पेटीत जुना पास असला तरी आज त्याचा उपयोग आठवणीपुरताच.

दुसरा मोठा बदल २०२२ च्या दुरुस्तीचा. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वी कायद्याला सहा अनुसूच्या, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या याद्या, होत्या, आता चार आहेत, आणि आपल्याकडच्या वन्यप्राण्यांचा प्रश्न पहिल्या दोनमध्ये येतो. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते, आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. व्हॉट्सॲपवर अजून जुने तक्ते फिरतात, "पाचव्या अनुसूचीतला प्राणी मारला तर चालतं" असा मजकूर त्यावर असतो. उपद्रवी प्राण्यांची ती जुनी अनुसूची आता उरलेलीच नाही. एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा असेल तर केंद्र सरकारला कलम ६२ खाली ठरावीक भाग आणि ठरावीक मुदत लिहून स्वतंत्र अधिसूचना काढावी लागते. बिहारमध्ये रोही आणि रानडुकरासाठी, उत्तराखंडमध्ये रानडुकरासाठी आणि हिमाचलात माकडांसाठी अशा अधिसूचना निघाल्या होत्या. त्या बातम्या वाचून आपल्याकडेही मोकळीक आहे असं कुणी समजू नये. दुसऱ्या राज्यातली अधिसूचना आपल्या शिवाराला लागू होत नाही.

शिकार कशाला म्हणतात

इथे बहुतेक जण फसतात. बंदुकीचा बार काढला तरच शिकार, असा समज आहे. कायद्यातली व्याख्या खूप रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासकी लावणं, जाळं टाकणं, हाका घालून प्राण्याला पुढे काढणं, आमिष ठेवणं, हे सगळं शिकारीत येतं. यातलं काही करायचा नुसता प्रयत्न केला तरी तीही शिकारच. प्राण्याला जखमी करणं, त्याच्या शरीराचा भाग काढून घेणं, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही त्यातच. म्हणजे फासकी लावली आणि त्यात काहीच अडकलं नाही, तरी गुन्हा घडलेला आहे. बेचकीने पाडलेलं पाखरू आणि परवाना न लागणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीने टिपलेलं पाखरू, दोन्ही शिकारच.

कोणत्या प्राण्यासाठी कुणाकडे जायचं

कलम ११ हा या सगळ्याचा कणा आहे. त्यात दोन वाटा आहेत.

पहिली वाट पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांची: वाघ, बिबट्या, हत्ती, गवा, काळवीट, अस्वल, मोर. कोकणातलं लाल तोंडाचं माकडही आता याच यादीत आहे, हे नारळ-सुपारीच्या बागायतदारांनी नीट लक्षात ठेवावं. या प्राण्यांना मारण्याचा आदेश फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असेल, तरच हा आदेश निघतो. शिवाय त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी त्यांची खात्री व्हावी लागते आणि कारणं लेखी द्यावी लागतात. पिकाचं नुकसान हे कारण या यादीत बसतच नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये टी-१ वाघिणीबाबत असा आदेश निघाला, तो उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेल्यावरही वाद बरेच दिवस चालू होता. सरकारच्या स्वतःच्या आदेशाची इतकी तपासणी होते, तर गव्याने ऊस तुडवला म्हणून गावाने ठराव करून त्याला मारणं कुठे बसेल, हे सांगायला नको. गवा, हत्ती, माकड यांनी पीक खाल्लं तर रस्ता नुकसानभरपाईचा आहे.

दुसरी वाट दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांची. इथे कायद्याने "मालमत्ता, आणि कोणत्याही जमिनीवरचं उभं पीक" हे शब्द स्पष्ट घातले आहेत. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हे काम वनपरिक्षेत्र अधिकारी करतात. आपण त्यांना रेंजर साहेब म्हणतो तेच. ससा किंवा चितळ यांच्यासाठी रेंजर ऑफिसात असाच कागद मिळेल, असं गृहीत धरू नका.

बंदुकीचा परवाना आणि मारण्याची परवानगी

हे दोन कागद वेगळे आहेत. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडून. त्याने बंदूक बाळगता येते. प्राणी मारता येत नाही. उलट वनखात्याच्या परवानगीने प्राणी मारता येतो, पण त्यासाठी बिनपरवान्याची बंदूक वापरता येत नाही. दोन्ही कागद एकाच वेळी खरे आणि चालू मुदतीचे हवेत. "माझ्याकडे पीक संरक्षणाची बंदूक आहे, मग आणखी परवानगी कशाला?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की यापुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा: पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, चारित्र्य आणि गुन्ह्यांची नोंद तपासली जाते. शेती खरोखर आहे का, नुकसान होतं का, हेही बघतात. त्यामुळे सातबारा, आठ-अ आणि आधी केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती असतील तर अर्जाला वजन येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात.

एक अट फार कमी लोकांना ठाऊक असते. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. राधानगरी, कोयना, फणसाड, टिपेश्वर अशा अभयारण्यांच्या कडेला राहणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. नाही तर अर्ज कुठे अडकला आहे हेच कळत नाही आणि माणूस तहसीलचे उंबरे झिजवत राहतो. अशा भागात आधीपासून परवाना असलेल्यांचीही वनखात्याकडे नोंद व्हावी लागते. आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच वेगळा गुन्हा आहे, मग ते खांद्यावर नुसतं लटकवलेलं का असेना.

बंदूक उसनी आणता येत नाही. शेजारच्या काकांकडे परवान्याची बंदूक असेल तर बार काकांनीच काढायचा, आणि परवानगीच्या कागदावर त्यांचं नाव आणि परवाना क्रमांक आलेला असावा. पुतण्याच्या हातात बंदूक दिली की काका आणि पुतण्या दोघेही अडकतात.

अर्ज कसा करायचा

सकाळी नुकसान दिसलं की आधी फोटो काढा, मग पीक सावरा. खुरांचे ठसे, उकरलेली माती, मोडलेली ताटं, आणि मागे ओळखू येईल अशी खूण, म्हणजे विहीर, बांध किंवा झाड, असं सगळं फोटोत यावं. फोनमध्ये तारीख आणि ठिकाण नोंदवायची सोय असते, ती चालू ठेवा. रानडुक्कर नांगरल्यासारखं उकरतं, रोही शेंडे खुडतो आणि एकाच जागी लेंड्यांचा ढीग करतो. रेंजरला प्राण्याची खात्री पटायला या खुणा फार कामी येतात.

मग बीटचे, म्हणजे आपल्या भागाचे, वनरक्षक (बीट गार्ड) आणि वनपाल यांना कळवा. ते शिवारात येऊन पाहणी करून गेले की पुढचं काम सोपं होतं. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः नेऊन द्या, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. तोंडी "बघतो, करतो" याला कागदाचं मोल नाही.

सोबत चालू सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, नुकसानीचे फोटो, बंदूकधारकाच्या शस्त्र परवान्याची प्रत आणि त्याचं संमतिपत्र जोडा. अनेक शेतकऱ्यांचं नुकसान असेल तर गट नंबरांची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला बरा. अर्ज असा लिहिता येईल:

"प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपरिक्षेत्र (नाव), तालुका (नाव).

विषय: उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांना मारण्याची परवानगी मिळण्याबाबत, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, कलम ११.

महोदय, मौजे (गाव) येथील गट नंबर (क्रमांक) मध्ये माझं (क्षेत्र) क्षेत्रावर (पीक) हे पीक उभं आहे. दिनांक (तारखा) रोजी रात्री रानडुकरांच्या कळपाने त्यातील अंदाजे (क्षेत्र) क्षेत्राचं नुकसान केलं. राखण, कुंपण आणि (केलेले इतर उपाय) करूनही नुकसान थांबलेलं नाही. कृपया पाहणी करून वरील गटात रानडुकरांना मारण्याची लेखी परवानगी द्यावी. बंदूक चालवणाऱ्या व्यक्तीचं नाव (नाव), शस्त्र परवाना क्रमांक (क्रमांक), मुदत (तारीख). परवानगीतील सर्व अटी पाळण्यास आणि प्राणी मारला गेल्यास तत्काळ आपल्या कार्यालयास कळवण्यास मी बांधील आहे."

"केलेले इतर उपाय" ही जागा रिकामी सोडू नका. अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवायचं असतं, आणि ते कारण तुमच्या अर्जातूनच त्याला मिळतं. झटका मशीन लावलं, जुन्या साड्या बांधल्या, रात्रपाळीने राखण केली, जे खरं असेल ते लिहा.

परवानगी हातात आल्यावर

कागद घरी नेऊन तीनदा वाचा. कोणता प्राणी, किती, कोणत्या गटात, कोणत्या तारखेपर्यंत, कोण मारणार: या पाच गोष्टींपलीकडे परवानगी नाही. गट नंबर २१२ चा कागद असेल आणि डुक्कर ओढा ओलांडून वनखात्याच्या हद्दीत गेलं, तर पाठलाग तिथंच थांबवायचा. मुदत संपली की कागदाची किंमत संपली, पुन्हा अर्ज करायचा.

बार काढायच्या आधी बीट गार्डला आणि आजूबाजूच्या वस्तीला कळवा. हे कायद्याच्या पलीकडचं, जिवाभावाचं सांगतो. रात्री उसात हलणारी सावली डुकराचीच असते असं नाही, पाणी धरायला आलेला शेजारीही असू शकतो. रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीने माणूस गेल्याच्या बातम्या येतात. बॅटरीच्या उजेडात प्राणी पूर्ण दिसला नाही, तर बार काढू नका. गोळी कुठं जाईल, मागे वाडी आहे की डोंगर, हे दिवसा जाऊन बघून ठेवा. पिल्लांना घेऊन आलेली मादी दिसली तर हाकलून द्या, मारू नका, हे माझं मत आहे.

डुक्कर पडलं की त्याच्यावर तुमचा हक्क नाही. कायद्याने ते सरकारचं आहे. वनकर्मचारी येईपर्यंत जागेवरून हलवू नका, पंचनामा होऊ द्या, विल्हेवाट त्यांच्या सांगण्याप्रमाणे आणि त्यांच्यासमोरच करा. मांसाचे वाटे घालणं, सुळे काढून ठेवणं, केस विकणं, यातलं काहीही परवानगीत बसत नाही. सरकारी मालमत्ता कोणत्याही रीतीने ताब्यात आली तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्याला कळवायची सक्ती आहे. आणि घरात मांस सापडलं, तर ते बेकायदाच आहे असं कायदा धरून चालतो. नाही हे तुम्हाला सिद्ध करायचं असतं. परवानगी घेऊन रीतसर केलेलं काम शेवटच्या तासात मटणाच्या वाट्यापायी गुन्ह्यात बदललेलं पाहणं फार क्लेशाचं असतं.

जखमी होऊन पळालं तर त्याच रात्री कळवा. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी गवत कापणाऱ्या बाईवर धावून जाऊ शकतं.

फासकी, करंट आणि बॉम्ब

परवानगी बंदुकीची असते. क्लचच्या तारेची फासकी, खाण्यात दडवलेला गावठी बॉम्ब, विष आणि तारेत सोडलेली वीज, या चारांना कुठेच जागा नाही. फासकी डुकरासाठी लावतात आणि तिच्यात अडकतो बिबट्या. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना असे बिबटे तारेत पोट कापून तडफडत मेलेले आहेत. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, मग "मी डुकरासाठी लावली होती" हे म्हणणं वाचवत नाही. विदर्भात शेताच्या तारेत सोडलेल्या विजेने वाघ गेले आहेत, आणि माणसंही गेली आहेत, कित्येकदा तार लावणाऱ्याच्या घरातलीच. त्यात वीजचोरीचा गुन्हा वेगळा आणि माणूस दगावला तर त्याचा वेगळा. झटका मशीन निराळं: ते बॅटरीवर चालतं, थांबून थांबून धक्का देतं आणि जीव घेत नाही. ते घरच्या लाइनला थेट जोडायचं नाही. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. आपलं गाव यादीत आहे का, ते रेंज ऑफिसात विचारा.

शिक्षा

दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याची बेकायदा शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. वापरलेली गाडी, बंदूक, सापळे जप्त होतात. ज्या बंदुकीने गुन्हा केला तिचा परवाना रद्द करून पाच वर्षं नवा परवाना न देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. मदत करणाराही सुटत नाही. नुसता हाका घालायला गेलेला पोरगाही आरोपी होतो.

अंगावर आलेल्या प्राण्याचं काय, हे लोक भीतीने विचारतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना चांगल्या हेतूने प्राणी मारला किंवा जखमी झाला, तर तो गुन्हा नाही. मात्र त्या क्षणी तुम्ही स्वतः काही बेकायदा करत असाल, समजा फासकी बघायला गेलेले असाल, तर हे संरक्षण मिळत नाही. आणि असा मेलेला प्राणीही सरकारचाच.

भरपाईचा अर्ज त्याच दिवशी

परवानगी मागताना नुकसानभरपाई सोडू नका. दोन्ही अर्ज स्वतंत्र आहेत आणि एकमेकांना आड येत नाहीत. आपले सरकार पोर्टलवर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात भरपाईचा अर्ज करता येतो. मुदत मोजत बसू नका, नुकसान दिसलं त्याच दिवशी कळवा, कारण उशीर झाला की पाऊस ठसे पुसतो आणि पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा, क्षेत्र आणि पीक बरोबर लिहिलं का ते वाचूनच सही करा. कुणी फोन उचलत नसेल तर वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक वहीत टिपून ठेवा.

बंदुकीच्या परवान्याचा विचार असेल तर तो पीक उभं राहिल्यावर करू नका. पोलीस अहवाल, तहसील, आणि अभयारण्य जवळ असेल तर नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती, यात महिने जातात. कापणी आटोपली की उन्हाळ्यात त्या हंगामातल्या पंचनाम्यांच्या प्रती घेऊन अर्ज टाका, म्हणजे पुढच्या भुईमुगापर्यंत उत्तर आलेलं असेल.